अक्काबाईंच्या दगडावर 'कै.' घातल्याबाबत

जबाब
भोर, दि. ११/०१/२०२५, वेळ दुपारी १२.१०

मी, सावळाराम कोंडिबा शिवतरे, वय ७३ वर्षे, धंदा भांड्यांवर नावे घालणे, शिक्षण दुसरी (पुढचे भांड्यांवरून), रा. घाटआळी, भोर, जि. पुणे.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहतो. बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर माझी बैठक आहे. लग्न, वास्तुशांत, वर्षश्राद्ध यांत वाटायच्या भांड्यांवर मी नावे घालतो. त्यात वर्षश्राद्धाचे काम जास्त.

आमच्या आळीखाली नीरा नदीचा जुना दगडी घाट आहे. पूर्वी तेथे धुणे चाले. प्रत्येक घराचा धुण्याचा दगड ठरलेला असे व तो सासूकडून सुनेकडे जाई. दुसरीच्या दगडावर कोणी कपडा आपटला तर आठ दिवस त्याचीच चर्चा. घरोघरी नळ आल्यावर दगड गाळात गेले आणि घाटावर माणसे फक्त कचरा टाकायला येऊ लागली.

गेल्या दिवाळीनंतर आळीतील मंगल रणपिसे म्हणाल्या, "बाकडी द्या म्हणून अर्ज करत बसण्यापरीस आपलंच दगड वर काढू की." त्याप्रमाणे आळीतील बायामाणसांनी दर रविवारी खपून बावीस दगड काढले, काथ्याने घासले व वरच्या पायरीवर ओळीने बसायला मांडले. ज्या बाईने शेवटी त्या दगडावर धुतले तिचे नाव दगडावर घालायचे ठरले. ते काम मी हौसेने मागून घेतले. मोबदला घेतलेला नाही. चहा घेतला आहे.

बावीसपैकी एकवीस बाया आता हयात नाहीत. एकट्या अक्काबाई धुमाळ, वय ८८, हयात आहेत. मंगळवारी संक्रांतीचे हळदीकुंकू घाटावर करायचे व पहिले वाण अक्कांना त्यांच्या दगडावर बसवून द्यायचे, असे ठरले. अक्कांचे पती वारल्याला एकतीस वर्षे झाली. तेव्हापासून त्यांना हळदीकुंकवाचे बोलावणे नाही. कोणीतरी तसे बोलून दाखवले, तेव्हा मंगल म्हणाल्या, "नदीनं कदी इचारलं व्हतं का, कुणाचं कुकू हाय आन् कुणाचं न्हाई?" अक्कांनी नवे लुगडे काढून उन्हात घातले, हे मी स्वतः पाहिले आहे.

काल दि. १०/०१ रोजी दुपारी मी शेवटचे सहा दगड घेतले. मंगल यादी वाचत होत्या, मी छिन्नी चालवत होतो. हात सवयीने चालतो. आधी 'कै.' पडते, मग नाव. अक्कांचा दगड सर्वांत शेवटी होता. त्यावरही हाताने 'कै.' घातले. मला कळले नाही व मंगल यांनी पाहिले नाही. नाव छान आले आहे, एवढेच बघून मी घरी गेलो.

आज सकाळी ७ वाजता अक्कांचे चिरंजीव आनंदराव माझ्या दारात आले. म्हणाले, "काका, माजी आई आत्ता दोन कप चा पिऊन तिसरा मागतीया. तुमी तिला कैलासवासी कशी काय केली?" मी कान धरले. खोडून देतो म्हणालो. त्यावर, खोडले तर खड्डा पडेल, तो दगडच उचलून घरी नेतो व आई मंगळवारी घाटावर येणार नाही, असे सांगून ते ठाण्यात आले.

साडेदहाच्या सुमारास हवालदार शुभांगीबाई जागा पाहण्यास आल्या. जित्या माणसाला दगडावर मारल्याचे कलम शोधावे लागेल, असे त्या मला म्हणाल्या. माझे त्या वेळी हसण्याकडे लक्ष नव्हते. तेवढ्यात सून रत्ना हिचा हात धरून अक्का स्वतः पायऱ्यांवर आल्या. त्यांना वाचता येत नाही.

"काय लिवलंय रं?" अक्कांनी विचारले. आनंदराव नदीकडे बघू लागले. मंगल यांनी पदर सारखा केला. शेवटी हवालदार बाईंनी वाचले, "कै. अक्काबाई धुमाळ."

"कै म्हंजी?"

मी म्हणालो, "अक्का, ते गेलेल्या माणसाला लावत्यात. माजी चूक झाली."

अक्का इतक्या हसल्या की रत्नाला त्यांना धरावे लागले. म्हणाल्या, "मंग मंगळवारी वाण कुणाला देताय, भुताला?" मी छिन्नी काढली, तर माझा हात धरला. "खोडू नगंस. मागनं परत घालायला तू असनार हायस व्हय? तुजं तरी वय काय राह्यलंय?"

आनंदराव म्हणाले, "आई, चार लोक वाचतील." अक्का म्हणाल्या, "वाचू देत की. येवड्या वरसांत माजं नाव कुणी वाचलंय?"

मग त्या दगडाच्या डाव्या अंगाला सरकून बसल्या. लुगड्याचा घोळ सोडला, तो दगडाच्या दर्शनी बाजूवर आला. हवालदार बाईंना म्हणाल्या, "आता वाच गं."

बाईंनी वाचले, "अक्काबाई धुमाळ."

"बरूबर हाय," अक्का म्हणाल्या.

आनंदराव आईशेजारच्या दगडावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. तक्रार मागे घेतो, असे त्यांनी तेथेच सांगितले. परंतु नोंद झालेली असल्याने माझा जबाब घेण्यात आला. मंगळवारी दुपारी ४ वाजता दगड जागेवर राहील, अक्काही राहतील. ठाण्यातील सर्वांनी तिळगूळ घ्यायला यावे, हेही लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली.

हा जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. खाली माझ्या नावाआधी 'श्री.' आहे, दुसरे काही नाही, हे मी चष्मा लावून दोनदा पाहिले व मग सही केली.

श्री. सावळाराम कोंडिबा शिवतरे