मुलगी पास, दूध नापास

मंडळी, आज निरूपण लांबवत नाही. एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. माणूस शिकला, असं नेमकं केव्हा म्हणायचं? वर्गात बसला तेव्हा? परीक्षा दिली तेव्हा? की पदवीला चौकट करून भिंतीत खिळा ठोकला तेव्हा? आणि ज्या वर्षी वर्गालाच कुलूप होतं, गुरू एका गावी आणि शिष्य दुसऱ्या गावी खिडकीशी फोन धरून उभा — त्या वर्षीच्या शिक्षणाला काय म्हणायचं? मी पुष्कळ विचार केला. जितका केला तितका गुंतत गेलो. म्हणून उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. गुंत्याचं एक टोक तुम्हीही धरा.

ऐका तर. केतकी ढोबळे नावाची एक मुलगी. वडील निवृत्तीराव शाळेत शिपाई. दुसऱ्यांच्या मुलांसाठी आयुष्यभर घंटा वाजवणारा माणूस. आपल्या मुलीनं कॉलेजात जावं एवढंच त्याचं मागणं. केतकी बारावी झाली, रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला — आणि त्याच वर्षी महामारी! कॉलेज भरलं ते वडिलांच्या फोनमध्ये.

हसता काय, काका? तुमच्याकडे वेगळं होतं का? एका फोनवर थोरलीचं कॉलेज, धाकट्याची शाळा आणि मधल्या सुट्टीत आजोबांचं प्रवचन. हजेरी देऊन आवाज बंद करायला विसरलात, की साऱ्या वर्गाला तुमच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या. केतकीनं एकदा धीर करून एक शंका विचारली. अगदी नीट, शेवटपर्यंत विचारली. मग सर म्हणाले, ढोबळे, तुझा आवाज बंद आहे. पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही. अशा किती शंका त्या वर्षी ओठांपर्यंत येऊन निघून गेल्या असतील!

प्रयोगसुद्धा फोनवरच. आता इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी गोष्ट या एका प्रयोगावर उभी आहे. पदार्थ किती आंबट आहे ते मोजायचं. त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे, आणि वरून ब्युरेट नावाच्या लांब काचेच्या नळीतून सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. जितका सोडा लागला तितका आंबटपणा. सोपं आहे ना?

रिकाम्या प्रयोगशाळेत सर एकटे उभे राहून हे दाखवत होते. ते म्हणाले, “हा बघा फिकट गुलाबी. इथे थांबायचं.” आणि पुढे गेलं तर काय होतं ते कळावं म्हणून त्यांनी आणखी सोडा ओतला. पण केतकीच्या गावात नेटवर्क असं, की चित्र आधी यायचं आणि आवाज मागून. ‘हा फिकट गुलाबी’ हे शब्द तिच्या कानी आले तेव्हा पडद्यावरचा रंग लुगड्याच्या राणी रंगाइतका गडद झाला होता. तिनं तो मनात साठवला. वहीत लिहिलं — फिकट गुलाबी. वहीला पूर्ण गुण!

चूक कुणाची? सरांनी बरोबर सांगितलं. तिनं बरोबर ऐकलं. बरोबर पाहिलंसुद्धा. फक्त दोन्ही एका वेळी आलं नाही. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळा उघडली, पण हा प्रयोग पहिल्या वर्षीचा. तो तर तुमचा झालाय, सर म्हणाले. झालं. केतकी पहिल्या वर्गात पास.

तिला एका दूध शीतकरण केंद्रात नोकरी लागली. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, त्याचा आंबटपणा तपासून घ्यायचं की परत पाठवायचं ते केतकीनं ठरवायचं. तीन महिने काम बघून मग कायम करू, असं व्यवस्थापक वाघचौरे साहेबांनी सांगितलेलं. हाताखाली बबनराव लोखंडे. शिक्षण आठवी, बावीस वर्षं तिथल्या काचा धुतलेल्या.

पहिल्याच दिवशी चंद्राक्कांचं दूध परत गेलं. चंद्राक्का सुपेकर म्हणजे सगळ्यांत लांबच्या वाडीवरचं दूध गोळा करणारी बाई. टेम्पोनं दोन तास यायचं, म्हणून तिचं दूध इतरांपेक्षा केसभर जास्त आंबट असायचं, पण मर्यादेच्या आत. आता गडद रंग यायला सोडा जास्त लागतो, म्हणून केतकीच्या मापात सगळ्यांचंच दूध थोडं जास्त आंबट निघत होतं. जवळच्यांचं निभावलं. हिचं मर्यादेबाहेर गेलं. आक्का टोमणे मारणारी. म्हणाली, “मॅडम, कालपर्यंत माझ्या म्हशी शहाण्या होत्या. तुम्ही आला आणि बिघडल्या व्हय?”

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. वाडीवरची बारा घरं आक्काकडे संशयानं बघायला लागली — हीच काही मिसळत असेल. मुलगी पास, मंडळी, आणि दूध नापास!

चौथ्या दिवशी दूध परत केल्यावर आक्कानं कॅन उचलला, फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर नेला, पातेल्यात दूध ओतलं आणि तापत ठेवलं. आंबलेलं दूध तापवलं की फाटतं, हे इथल्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. टेम्पोवाले गोळा झाले. केतकीला बोलावणं गेलं. दूध तापलं, कडेनं साय धरली, वर आलं, टपरीवाल्यानं आच कमी केली. दूध फाटलं नाही.

सगळे केतकीकडे बघतात. आणि केतकीनं काय करावं? तिनं पुस्तकातलं उत्तर दिलं. आंबटपणा पुष्कळ वाढला तरच दूध फाटतं. थोडा वाढलेला असेल तर उकळून कळत नाही. मंडळी, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खऱ्याच्या आडही माणसाला लपता येतं, हे मला या गोष्टीनं दाखवलं, आणि तेव्हापासून मी जरा घाबरूनच बोलतो.

आक्का म्हणाली, “असंल. तू शिकलेली. मला एवढंच सांग पोरी, हे दूध आता माझ्या नातवाला पाजू का नको?”

केतकीला नको म्हणवेना; पाज म्हणावं तर मग परत का पाठवलं?

ती आत आली. नमुन्याला काढून ठेवलेलं तेच दूध तीन वेळा तपासलं. तीन वेळा सारखाच आकडा. पुस्तक म्हणतं, तीनदा एकच आलं की खरं माना. तरी तिला ते खरं वाटेना. मग तिनं एक केलं, जे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बबनरावांना म्हणाली, “काका, तुम्ही करून दाखवता?”

बबनरावांनी हात पुसले, ब्युरेटची तोटी दोन बोटांत धरली. थेंब... थेंब... आणि थांबले. “झालं.”

“कुठे झालं? पांढरंच तर आहे.”

“उजेडात धरा, ताई. झाक आली की झालं.”

तिनं काच खिडकीशी धरली. होती. दुधात पहाट मिसळावी तेवढी. तिच्या हातून परत गेलेलं ते सारं दूध त्या एवढ्याशा रंगात दिसलं तिला.

“मग काका, चार दिवस मी एवढं गडद करत होते, तुम्ही बोलला का नाही?”

बबनराव खाली बघत म्हणाले, “मला वाटलं, नवी पद्धत आली असंल. तुम्ही पदवीवाल्या.”

ऐकलंत? तिच्या पदवीनं फक्त तिलाच चुकीच्या वाटेला लावलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याचंही तोंड बंद केलं होतं.

ती वाघचौरे साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, सोड्याचं पाणी जुनं झालं होतं असं म्हणू, बाटली काही तक्रार करणार नाही. तुझे तीन महिने अजून व्हायचेत. केतकी बाहेर आली, आणि भरल्या कॅनांच्या रांगेत, सगळ्यांसमोर म्हणाली, “आक्का, दूध चांगलं होतं. माझं बघणं चुकलं.”

त्याच दिवशी तिच्या हातातून ब्युरेट काढून घेतली. उद्यापासून बबनराव तपासतील, तिनं काचा धुवायच्या, कायम करायचं पुढे बघू. घरी वडिलांनी ऐकलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “मग ती तीन वर्षं कुठं गेली गं?” मंडळी, या बापाला काय सांगायचं? मला सुचलेलं नाही. मापाचा आकडा तीनदा तोच येऊनही त्याच्यावर शंका घ्यायला तिला कोणी शिकवलं — कॉलेजनं, की आक्काच्या पातेल्यानं? कॉलेजात गेलीच नसती तर चुकली नसती. पण मग आपण कुठे आणि का चुकलो, हे तरी तिला सांगता आलं असतं का? इथे येऊन मी थांबतो. पुढची वाट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा टेम्पो आला. बबनराव ब्युरेट घेऊन पुढे झाले. आक्कानं कॅनवर हात ठेवला.

“तुमी नको. तिला बोलवा.”

साहेब म्हणाले, अहो, तिनंच तर तुमचं दूध परत पाठवलं होतं.

आक्का म्हणाली, “म्हणूनच. तिची चूक आता तिला ठाव हाय. बाकीच्यांची मला ठाव न्हाई.”

केतकी ओल्या हातांनी बाहेर आली. साहेबांनी मानेनंच हो म्हटलं. तिनं थेंब थेंब सोडला, काच उजेडात धरली, आणि झाक आल्याबरोबर थांबली. दूध घेतलं गेलं.

गोष्ट एवढीच. आता तुमच्याकडे बघून बोलू? त्या वर्षांतल्या मुलांना आपण ‘कोरोनावाले’ म्हणतो आणि हसतो. आपण तर भरल्या वर्गात शिकलो! तरी आपण आयुष्यात कुणाकुणाचं दूध परत पाठवलं? सुनेचं, भावाचं, शेजाऱ्याचं — ‘तुझंच नासलंय’ म्हणून? त्या वेळी आपली नजर कुणाला तपासायला दिली होती? आणि आपल्याला सांगू शकला असता असा कोण, आपल्या मोठेपणाकडे बघून गप्प राहिला?

मी स्वतःला विचारून पाहिलं. दोन नावं आठवली. त्यांच्याकडे जायला अजून धीर होत नाही.

आरती आता होईलच. ती आज हळू आवाजात म्हणू या. कुणाला नावं आठवत असतील, तर त्यांना आठवू द्या.