आमच्या माणसाचं सोंग

(मुलाच्या घरची बाहेरची खोली, सकाळ. मुलाचे वडील नट. मुलीचे वडील बसवर कंडक्टर होते.)

नट : ...म्हणून म्हटलं, लग्नाचं बोलण्याआधी हे बोलून घ्यावं. तुम्ही मला दारातच ओळखलंत ना?

कंडक्टर : दारात कशाला? पोरीनं मुलाच्या वडिलांचा फोटो दाखवला तेव्हाच. बायकोला म्हटलं, अगं, हा तर तो.

नट : ‘शगळं शांगतो, शाहेब’ वाला.

कंडक्टर : तोच. अजून जमतं की तुम्हाला.

नट : लाज वाटते हो. बत्तीस वर्षं झाली. त्या सिनेमात तुमच्या समाजातला दिसावा म्हणून डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं ओढायचे, गालांवर रंग थापायचे. पट्टी काढताना निम्म्या भुवया उपटून निघायच्या.

कंडक्टर : बरं व्हायचं.

नट : काय म्हणालात?

कंडक्टर : काही नाही. परत आल्या ना भुवया? मग झालं.

नट : तुम्हाला बसमध्ये फार त्रास झाला असेल.

कंडक्टर : सिनेमा लागला शुक्रवारी. सोमवारपासून सुरू. मी तिकीट विचारलं की मागून कुणीतरी, ‘शगळं शांगतो, शाहेब.’ अख्खी बस हसायची. मीही हसायचो. आपण हसलो की माणसं लवकर थांबतात. अकरा वर्षं त्या रूटवर होतो. माझं खरं नाव डेपोच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

नट : अकरा वर्षं...

कंडक्टर : त्याचं एवढं नाही. पण पोरगी पहिलीत असताना तुमचा सिनेमा टीव्हीवर लागला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती आरशासमोर उभी. ‘साखर, साबण, सायकल.’ म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, मुलं म्हणतात आपल्याला ‘स’ येत नाही. तपासून बघतेय.

नट : सहा महिने घरी येतेय. एका शब्दानं बोलली नाही मला.

कंडक्टर : नाही बोलणार. आईवर गेलीय. पण मला एक सांगा, तो ‘श’ आणलात कुठून? आमच्यात तसं कुणीच बोलत नाही.

नट : असं कसं? सेटवर चहा द्यायला तुमच्यातले एकजण होते. पंधरा दिवस त्यांच्या मागंमागं हिंडलो. ते बोलायचे तसं हुबेहूब उचललं. फार मेहनत घेतली होती मी.

कंडक्टर : उंच? डाव्या कानाला खाच?

नट : हो. ओळखता?

कंडक्टर : आमचे काका. त्या वर्षी जिन्यावरून पडले होते. पुढचे चार दात गेले. नंतर कवळी बसवली आणि पूर्वीसारखे बोलायला लागले.

नट : म्हणजे मी...

कंडक्टर : एका बोळक्या माणसाची नक्कल केलीत. भोगली आम्ही सगळ्यांनी. हसा, हसा. मलाही आवरत नाहीये.

नट : अहो, बक्षीस मिळालं होतं मला त्या कामाचं.

कंडक्टर : काकांना अर्धं द्यायचं होतं.

नट : गेल्या महिन्यात त्या सिनेमाची मंडळी परत आली होती. दुसरा भाग काढतायत. तोच माणूस, आता म्हातारा. मी म्हटलं, त्यांच्यातलाच एखादा नट घ्या. तर म्हणे, त्यांच्यात नट आहेत कुठे?

कंडक्टर : काम दिल्याशिवाय कुठून होणार?

नट : मीही तेच म्हटलं. आणि नकार दिला.

कंडक्टर : कळलंय मला. पोरीनं सांगितलं. ते कळलं म्हणून आज आलो. नाहीतर निरोप पाठवून मोकळा झालो असतो.

नट : मी माफी मागितली तर चालेल?

कंडक्टर : मागा. उगाच नको-नको म्हणणार नाही मी.

नट : चुकलो.

कंडक्टर : हं.

नट : एवढंच?

कंडक्टर : एवढंच. आता ते आतलं दार उघडा, व्याही. चहा केव्हाच झालाय, आणि पोरं पलीकडे श्वास रोखून उभी आहेत.