खोकला मागून येते

— नका बोलू मामाजी, मी कुठी म्हनून राह्यली बोला म्हनून! मी तुमच्यासाठी आलीच नाई, मी टावरसाठी आली. अख्ख्या गावात मोबाईलले टावर भेटते तं या तलावाच्या पारीवर, पारीवर बी या एका मोहाच्या झाडाखाली, आन् मोहाखाली तुमी जाळं घेऊन बसले — याच्यात माझा काय गुन्हा? डबा आनला म्हनून आनला. भात हाय, झिंग्याची चटनी हाय, कांदा फोडून देल्ला हाय. जेवा, नाई तं मासोळ्याइले टाका. बारा वाजता फोन येनार हाय मले, नागपूरवरून, रंजीताबाईचा — तोवरी वीस मिनिटं हायेत, आन् वीस मिनिटं मी गप बसू शकत नाई हे तुमाले मालूमच हाय, एकोनीस वर्सं झाले तुमच्या घरची सून होऊन. तुमी बारा दिवस गप बसले. तुमाले जमते. मले बारा श्वास नाई जमत.

रागावा, पन पुरं आयकून रागावा. सुरुवात मासोळ्यापासून झाली. सावली गावच्या बाजारात माझ्या बाजूनं अजून दहा जनी बसतात, सगळ्याइचा कतला सारखाच, मंग गिऱ्हाईक माझ्याचकडे काऊन येईन? म्हनून मी मासोळ्याइले बोलाले लावलं. मरळ बोलते हापिसातल्या बाबूवानी — 'उद्या या, आज साहेब नाईत.' झिंगे बोलतात शाळेतल्या पोट्ट्याइवानी, सगळे एकदम, कोनी कोनाचं आयकत नाई. आन् कतला म्हनजे लग्नातली वरमाय — 'मले कोनी विचारलंच नाई!' बाया हसत हसत किलो किलो नेतात. एक मास्तर तं नुसता आयकाले येते, घेत काईच नाई, गळ्यात माळ हाय त्याच्या. — हसले? मिशी हालली तुमची. बरं, वारा असन.

तिथीच तो सुनिल आयकत उभा राह्यला. जंगलचा गार्ड, नवाच आलेला, लांबच्या मुलखातला, त्याले आपली रीत कुठची मालूम? मोहफुलाचे दिवस, बाया अंधारातच टोपली घेऊन निंगतात, आन् या तलावामागं तो पिवळा, पट्टेवाला येऊन बसलेला — म्हनून यानं ऑटोवर भोंगा बांधला आन् कागद वाचला, 'सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की' — आन् पुढं रानच्या पाटलाचं खरं नाव! एक डाव नाई, नऊ डाव! अजी, ज्याचं नाव घेतलं का तो येते म्हनून आपन मोहफुलाच्या दिवसात तोंडातून काढत नाई, जसं मी प्रणितच्या बाबाचं नाव काढत नाई — त्याले यानं भोंगा लावून नऊ डाव बलावलं! आशाबाईनं उंबऱ्यावर पानी टाकलं, सोमारीनं पोराच्या कानात बोटं घातले, जो तो म्हने हाकला या ऑटोले. कागदात पुढं काय लिवलं होतं, कोनी आयकलंच नाई. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया पुन्हा अंधारातच निंगाल्या. मंग सुनिल आला माझ्याकडे, पार कावराबावरा होऊन — कुंताबाई, तुमची मरळ बोलते, तं हा कागद नाई बोलनार का? मी म्हनलं बोलन ना. नाव न घेता बोलन. खुद्द पाटीलच बोलन!

आता पाटलाचा आवाज कसा असन, तुमीच सांगा. म्हंजे नका सांगू, मीच सांगते. जड असन. गुडघे दुखनाऱ्या मानसाचा असन. दिवसातून चार शब्द बोलन, तेबी उपकार केल्यावानी. मी डोळे मिटले आन् जो आवाज आला तो आला, मुद्दाम आनला का मी? 'हूं. मी तलावामागं बसलो हाव. वय झालं माझं, नजर कमी झाली. अंधारात याल तं मले समजत नाई, हरीन कोनतं आन् आशाबाई कोनती. चहा घ्या. उजेड होऊ द्या. सात-आठ जनी मिळून या, गाने म्हनत या — मले गाने सहन नाई होत, मी उठून जाईन. हूं.' आन् शेवटी एक खोकला. बस, एवढंच. ऑटो पहिल्या गल्लीत गेला नाई तं आशाबाई घरातून वरडली, अवं हा तं लटारूबुढा होय! — अगं बाई, सासऱ्याचं नाव घेतलं मी. तिचं बोलनं सांगून राह्यली, माझं नाई, हे पाहा जीभ चावली.

पन आयकलं ना त्याइनं, मामाजी! पोट धरधरून हसल्या आन् आयकलं. चहा घेऊन, उजेड झाल्यावर, आठ जनी गाने म्हनत गेल्या. आन् आशाबाईनं डोळ्यानं पाह्यलं — तो या पारीवरून उठला, आळस देल्ला, आन् तिकडच्या उतारानं सावकाश निंगून गेला. ती म्हने, जाता जाता असं पाह्यलं त्यानं, का कोन भिकार गाते! त्या दिवसापासून एकही बाई अंधारात गेली नाई. हे कोनाच्या आवाजानं झालं? पोट्टे तुमच्या मागं 'आजा, डरकाळी मारा ना' करत फिरले, ते वाईट झालं, मान्य हाय मले, मी दोघाचे कान बी उपटले. पन तुमी घरी आले, हात धुतले, जेवाले बसले, आन् तेव्हापासून तोंडाले कुलूप. भात पाहिजे तं बोट दाखवनं. पानी पाहिजे तं गडवा ठोकनं. प्रणितचे बाबा म्हनतात माफी माग. मांगतली ना? तीन डाव मांगतली. चौथ्या डावाले मले हसू आलं, ते माझं चुकलं.

आन् इकडं पाहा ना काय झालं! प्रणितनं तो आवाज मोबाईलवर कोनाले धाडला, त्यानं कोनाले धाडला, करत करत नागपूरच्या रंजीताबाईपाशी गेला. त्या कार्टूनमधले आवाज भरतात. एक अस्वल हाय म्हने, म्हातारं, साऱ्या जंगलाले रागावते आन् पोट्टे हसतात — बावन्न भाग, मामाजी, बावन्न! मी म्हनलं बाई, मी मासोळ्या विकते, आठवी शिकली. त्या म्हने, अस्वल कितवी शिकलं? मी दोन दिवस उड्या मारून राह्यली. मासोळ्या कापता कापता हसतो — पाहा, आता तुमच्यावानी 'हसतो' बी म्हनून राह्यली! पन काल फोनवर म्हनून दाखवलं, तं त्या म्हने, कुंताताई, हे ऑटोवालं नाई. काईतरी कमी हाय. उद्या बाराले पुन्हा आयकते, नाई जमलं तं दुसरी बाई हाय माझ्यापाशी. आता सांगा! रातभर... नाई, झोपली मी, खोटं काऊन बोलू. पन सकाळपासून कोंबड्याइसमोर, चुलीसमोर, मरळीसमोर म्हनून पाह्यलं. नाई येत. आवाज येते, तुमी नाई येत त्याच्यात. येनार कुठून? बारा दिवस कानावर पडलाच नाई. झरा आटला तं तलावात पानी कुठून येईन? एक शब्द बोला. शिवी द्या. चटनी खारट हाय म्हना. हाय बी खारट, मुद्दाम केली.

तुमाले वाटते मी तुमची टिंगल केली. गावाले हसवाले तुमचा आवाज चोरला. पन मामाजी, तो आवाज का मी त्या ऑटोसाठी शिकली? तो तं मी तीन वर्सापासून, आत्याबाईच्या... — काई नाई. ते जाऊ द्या. किती वाजले? बाराले पाच कमी. जाळं मस्त शिवून राह्यले तुमी. — असं नका पाहू. हात काऊन थांबला तुमचा? — काईच नाई म्हनलं ना. — बरं. बरं, सांगते. तुमी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होते, पाय मोडून, वीस दिवस. आत्याबाई खाटेवर, सासूचं सगळं माझ्याच हातानं. डोळ्यानं दिसे नाई, आन् रोज दुपारी एकच — बुढा आला का? बुढा आला का? मी नाई म्हनलं का जेवनच बंद. मंग एक दिवस मी भिंतीमागं गेली, खोकलली आन् तुमच्या आवाजात कोंबड्याइले रागावली. 'हूं. घरात कोन सोडल्या ह्या?' आत्याबाई उठून बसल्या! पेज पेल्या वाटीभर! मंग रोजच आले तुमी. रोज दुपारी कोंबड्याइले शिव्या देल्ल्या, अन् त्या रोज जेवल्या. मी तुमाले सांगतलं नाई, काऊन का तुमी आले तोवरी... तुमची भेट झाली नाई. तुमाले वाटते त्या तुमची वाट पाहात पाहात गेल्या. वाट नाई पाह्यली, मामाजी. तुमी रोज येत होते.

आन् त्याइले मालूम होतं. हव! मी समजली मी फसवून राह्यली. शेवटच्या दुपारी मले जवळ बलावलं आन् म्हनल्या, कुंते, सगळं बरोबर हाय तुहं, पन त्याचा खोकला आधी नाई येत. मागून येते. बुढा बोलून टाकते, मंग लाजते, आन् लाज झाकाले खोकलते. सतरा वर्साची होती तवापासून पाहून राह्यली म्हने मी. आन् हसल्या. अशा हसल्या का खाट वाजली — मंग मी भिंतीमागं जाऊन पुन्हा म्हनलं, खोकला मागून आनला, आन् त्या म्हनल्या, आता आला माहा बुढा.

— अवं बाई. मामाजी! अवं बाई! काल मी खोकला आधी खोकलली! ऑटोत मागून होता, काल रंजीताबाईले भिऊन आधी आला! तेच कमी होतं! तेच — रडून राह्यले का तुमी? नका ना, मी रडली तं नाक बसते, अस्वल बेडकावानी बोलन — हा पाहा फोन! वाजला! मामाजी, कोनतं बटन दाबू... काय? काय म्हनलं? — 'घे ना बाई, काऊन भेतं' — आन् खोकले! मागून खोकले! बोलले तुमी! — हालो, हव रंजीताबाई, कुंताच बोलून राह्यली, एक मिनिट — काय मामाजी? अस्वल बसून बोलते का उभं? मले काय मालूम! — हव बाई, तयार हाय मी — काय मामाजी, जड नाई पाहिजे जास्त? गुडघे दुखते तं आवाज वरून येते? बरं, वरून आनते — अजून काय? — आत्याबाई काय म्हने? ते संध्याकाळी सांगा, सगळं सांगा, आता — मामाजी, तुमच्या पाया पडते, गप बसा ना जरा! बाई आयकून राह्यल्या!