शोभेची केरसुणी

माझ्या बायकोबरोबर जपान बघायचं असेल ना, तर टोकियो-बिकियो विसरा. मेधाला खेडी हवीत, हस्तकला हवी! आठवडाभर आम्ही डोंगरातल्या गावांमधून कुंभार, सुतार, बुरूड बघत हिंडलो. आणि बाईसाहेबांनी शेवटी घेतलं काय? केरसुणी!

ती बांधणारे आजोबा मोबाइलच्या ट्रान्सलेटरवरून म्हणाले, "रोज वापरा. वापराल तशी छान होईल."

"वेडे का हे? मी हॉलमध्ये भिंतीवर लावणारे," मेधा मला मराठीत म्हणाली.

आम्ही राहतो न्यूझीलंडला; परत येताना ऑकलंड एअरपोर्टवर बायोसिक्युरिटीवाल्या बाईंनी ती बॅगेतून काढली. गवताची वस्तू, आत एखादं बी निघालं तर जप्त. मेधाचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी केरसुणी टेबलावर आपटली, भिंगातून बघितलं. नुसती धूळ निघाली.

"स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या भाषेत 'एकदम मस्त', असं म्हणत त्या मेधाच्याच केरसुणीने टेबल झाडायला लागल्या.

"नो, नो! ती शोभेची आहे!" मेधा किंचाळली.

"जपानहून झाडू आणलात, आणि झाडायचं नाही?"

"मीही हेच विचारतोय," मी म्हणालो. त्यानंतर घरापर्यंत मेधा केरसुणी मांडीवर घेऊन गाडीत मागच्या सीटवर बसली.

घरी मी भिंतीला ड्रिल मारलं, खाली पांढरा भुगा पडला. हातात केरसुणी होतीच, म्हणून वाकलो.

"खबरदार! व्हॅक्यूम आण."

यंदा लक्ष्मीपूजनाला केरसुणी काही खाली उतरली नाही. मी हळदकुंकू व्हॅक्यूमलाच वाहिलं. राबतो तोच बिचारा.