हेड उतरवलेल्या गाडीतून माहूर

आमच्या सासऱ्यांइतका निवांत माणूस तुम्ही बघितला नसंल. निलंग्याहून त्यांना आमच्या जुन्या पिकअपमधून माहूरला दर्शनाला घेऊन निघालो, तर नांदेडच्या अलीकडंच गाडी गरम होऊन बंद पडली. ढकलत ढकलत गॅरेजला नेली. मिस्त्री म्हणला, "इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, हेडचं गॅसकेट गेलंय. दोन तासांत देतो."

मी म्हणलं, "मामा, उतरा, सावलीत बसा."

"न्हाई पाव्हणं, मी खिडकी सोडत न्हाई," म्हणले आन् तिथंच घोरायला लागले.

इकडं मिस्त्रीनं हेड उतरवलं. "आता खोललंच हाय, तर व्हॉल्व बी घासून घ्या." व्हॉल्व झाले, तर म्हणतो, "पिस्टनच्या रिंगा बी बदला, पुन्हा कशाला खोलायचं?" मला बी पटत गेलं. दिवस कलला तरी निम्मं इंजिन ताडपत्रीवर!

तेवढ्यात मामा जागे झाले. त्यांना आता काय सांगावं, म्हणून मी ताडपत्रीसमोर आडवा उभा राहिलो. त्यांनी आळस दिला, डोळे चोळले आन् खुशीत म्हणले, "आलं का माहूर? मिस्त्रीनं लई भारी काम केलं बघा, पाव्हणं. एवढ्या रस्त्यात इंजिनाचा आवाजसुद्धा आला न्हाई!"