आमच्या क्लबची प्रगती हिरवी आहे

नाही, पण मला एक सांगा, सेमीफायनलच्या दिवशी सेमीफायनल खेळायची, की आपण सेमीफायनलला कसे पोचलो यावर हॉलमध्ये बसून चर्चा करायची? सरळ प्रश्न आहे ना? बालवाडीतल्या पोराला विचारा, तो सांगेल. आमच्या क्लबच्या अध्यक्षाला विचारा, तो प्रोजेक्टर लावेल. तुम्हाला सांगतो, डोकं फिरतं. डॉक्टर म्हणतो राग करू नका, प्रेशर वाढतं. त्याचं काय जातंय बोलायला, त्याच्या दवाखान्याला कुठे दीर्घकालीन उद्दिष्टं आहेत...

क्लब म्हणजे आमचा मुलुंडचा नवप्रभात फुटबॉल क्लब. गिरण्या बंद पडल्या, आमची कोकणातली माणसं परळ सोडून इकडे आली, येताना भांडीकुंडी आणली, गणपतीचा पाट आणला आणि फुटबॉलही आणला. मी तिथे फुलबॅक होतो. दशरथ. नाव ऐकलं नसेल तुम्ही, फुलबॅकचं नाव लोक गोल खाल्ल्यावरच घेतात. पण ही गोष्ट माझी नाही, शुभाची आहे. शुभा पेडणेकर. लहानपणी पोरांत खेळायची, कारण पोरींचा संघच नव्हता. मोठी झाली, बँकेत लागली आणि तिने पोरींचा संघ काढला. पहाटे ग्राउंडवर, मग बँक, संध्याकाळी परत ग्राउंडवर. तिची शिट्टी वाजली की शेजारच्या सोसायटीतले मॉर्निंग वॉकवाले काकासुद्धा पळायला लागतात. आणि क्लबात गेली कित्येक वर्षं कोण काही जिंकत असेल तर त्या पोरी. पुरुषांचा संघ काय करतो? पुरुषांचा संघ ग्रुप फोटो काढतो.

मग आला हर्षद, आमचा नवा अध्यक्ष. ह्याला पहिली किक मी शिकवलेली. अंगठ्याने मारायचा, बॉल कुठे जाईल ते त्याला माहीत नसायचं नि बॉललाही. आज डोकं तसंच चालवतो. अंधेरीला कुठल्याशा मोठ्या ऑफिसात आहे, तिथून तो एक मित्र घेऊन आला, प्रांजल. हा प्रांजल स्ट्रॅटेजी करतो. म्हणजे काय करतो? मीही विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुम्ही कुठे आहात आणि कुठे जायचंय, त्यातलं अंतर मी मोजतो." म्हटलं बाळा, मी मुलुंडला आहे आणि मला घरी जायचंय.

तर ह्या दोघांनी क्लबला पाच वर्षांची धोरणात्मक उद्दिष्टं लावली. प्रत्येक उद्दिष्टापुढे एक टिपका. झालं की हिरवा, चालू असलं की पिवळा, बोंबललं की लाल. क्लबचा नवा लोगो, हिरवा. इन्स्टावर फॉलोअर, हिरवा. ग्राउंडवर गवत लावणे, लाल. बघा हां, गवत लाल आणि लोगो हिरवा. मी म्हटलं, अरे ग्राउंडवर खडी आहे, पोरींचे गुडघे सोलतात. तर हर्षद माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "दादा, काळजी नको. आपण ट्रॅकवर आहोत."

अरे पण ट्रॅकवर कशाला? फुटबॉल ट्रॅकवर खेळतात का?

आणि मग झाला मध्यावधी आढावा. पाचातली अडीच वर्षं झाली, आता प्रगती तपासायची. चांगलं आहे, तपासा. रविवार ठरवला, एसी हॉल घेतला, आणि हर्षदने शुभाला फोन केला. "ताई, पोरींना जर्सीत घेऊन ये. स्टेजवर बसवू. इम्पॅक्ट पडतो."

शुभा म्हणाली, "हर्षद, त्या दिवशी दुपारी मालाडला सेमीफायनल आहे आमची."

"दुपारी ना? आपलं सकाळी आहे."

"तुमचं सकाळचं कधी संपतं ते मला ठाऊक आहे."

"ताई, तुमचाच आढावा आहे, आणि तुम्हीच नाही? बरं दिसतं का? शॉर्टमध्ये उरकू."

आता शुभा तशी कुणाचं ऐकणारी नाही. पण तिच्या मनात काय होतं ते तिने मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, चार लोकांसमोर आपल्याला बोलायला मिळेल, ग्राउंडचं सांगता येईल, पोरींचे सोललेले गुडघे दाखवता येतील. इतक्या वर्षांत तिला कुणी माइक दिला नव्हता. त्या माइकच्या आशेने बिचारी गेली.

माइक. काय सांगू तुम्हाला. आधी दीपप्रज्वलन. समई पेटेना, कारण एसी समोरून मारतोय. एसी बंद करा, समई पेटवा, एसी चालू करा, समई गेली. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांची ओळख, मग पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याची ओळख. मग शाल, श्रीफळ. पोरी स्टेजवर शिनपॅड घालून ओळीत बसलेल्या, कडेला गंधाली, संघाची कॅप्टन, तिचा पाय खुर्चीखाली थरथर उडतोय. शुभा एकदा घड्याळाकडे बघते, एकदा हर्षदकडे. हर्षद लांबून हातानेच सांगतो, ट्रॅकवर, ट्रॅकवर. गंधालीची आजी सुंदराबाई, सावंतवाडीकडची, पहिल्या रांगेत बसलेली. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "गो शुभा, मॅच मालाडाक आसा ना? मगे आमी हय काय करतव?"

बरोबर आहे की नाही? सगळ्या हॉलात एवढा एकच धोरणात्मक प्रश्न विचारला गेला, आणि तो सुंदराबाईंनी विचारला.

मग प्रांजलची चित्रं सुरू झाली. बाण वर जातोय, बाण खाली येतोय, बाण वळून स्वतःच्याच शेपटीला चावतोय... लोक पेंगतायत. आणि तो म्हणाला, "आता महिला विभाग. उद्दिष्ट, जिल्हा स्पर्धेच्या फायनलला पोचणे. सध्याची स्थिती, पिवळा. ह्यावर आपण जरा सखोल जाऊ."

सखोल. तिकडे मालाडला रेफ्री ग्राउंडवर आलेला असेल आणि हा सखोल जातोय.

शुभा उठली. माइक मागितला नाही, तिला लागतही नाही. म्हणाली, "प्रांजल, तो टिपका हिरवा करायचाय ना तुला? मग आम्हाला जाऊ दे."

प्रांजल म्हणाला, "मॅम, फक्त सात स्लाइड उरल्यात."

हर्षद कानाशी येऊन कुजबुजला, "ताई, आभारप्रदर्शन राहिलंय. अशी अर्ध्यातून उठलीस तर कमिटी काय म्हणेल?"

"कमिटीचे आभार," शुभा म्हणाली. "झालं प्रदर्शन." आणि तिने शिट्टी मारली. हॉलमध्ये. एसी हॉलमध्ये. पोरी अशा उठल्या की दोन खुर्च्या उलट्या पडल्या.

पुढचं ऐका. खाली येऊन रिक्षा पकडल्या. मीही एकीत घुसलो, राहवेना. पवईपर्यंत ठीक गेलो, मग आरे कॉलनीतून. आणि आरेत काय? म्हशी. तबेल्यातल्या म्हशी रस्ता ओलांडतायत, कसल्या निवांत, जणू त्यांचीही पाच वर्षांची योजना आहे. शुभाची रिक्षा निसटली, आणखी दोन निसटल्या, मागची अडकली. त्या अडकलेल्या रिक्षात कोण, तर वनमाला, आमची गोलकीपर. आणि तिच्या मांडीवर मी जवळजवळ बसलेलो. ती पोरगी रडकुंडीला आली. "दादा, मी नाही पोचले तर गोलात कोण?" मी काय सांगणार? आपण ट्रॅकवर आहोत म्हणू?

मालाडला शुभा पोचली तेव्हा रेफ्री वॉकओव्हर द्यायच्याच बेतात. समोरच्या टीमच्या पोरी हसतायत, त्यांना फुकटची फायनल मिळत होती. शुभाने मोजल्या, आठ. सातांवर मॅच सुरू करता येते असा नियम आहे. तिने गंधालीला ग्लोव्हज दिले. गोल करणारी पोरगी गोलात. गंधाली म्हणाली, "मॅडम, मला उडी मारता येत नाही." शुभा म्हणाली, "मग उभी राहा. बॉल तुझ्यावरच आपटेल असं मी बघते." आणि बचावातल्या पोरींना अशी काही ओरडत राहिली की सांगता सोय नाही. तिचं हे ओरडणं सगळं हर्षदच्या वाटणीचं होतं, पण खाल्लं पोरींनी. आणि खेळल्या हो. तोंडात माती घेऊन खेळल्या. गंधालीच्या नाकावर एक बॉल आपटला, रक्त आलं, पण गोल झाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा वनमाला रिक्षा थांबायच्या आधीच उतरली. ग्लोव्हज बदलले, गंधाली नाकाला रुमाल लावून पुढे गेली, आणि दुसऱ्या हाफच्या शेवटी कॉर्नरवर त्याच नाकाचा बॉलला धक्का लागला... मुद्दाम मारलेला नाही, ती खोटं बोलत नाही, बॉल येऊन आपटला आणि आत गेला. एक-शून्य. शुभा नाचली नाही. खाली मातीत बसली आणि डोळे पुसले. मग लगेच उठून वनमालाला झापलं, की बुटाची लेस सुटलीय.

आता तुम्हाला वाटेल, छान, गोष्ट संपली. मलाही वाटलं. आमच्या क्लबात गोष्टी अशा संपत नाहीत.

रात्री व्हॉट्सॲपवर हर्षदचा मेसेज. महिला विभाग, हिरवा. उद्दिष्ट मुदतीच्या अडीच वर्षं आधी पूर्ण, योजनेचं यश. खाली नमस्काराचे हात, टाळ्या, प्रांजलचं अभिनंदन. पोरींचं? पोरींचा फोटो होता. स्टेजवरचा.

आणि सोमवारी शुभा ग्राउंडवर गेली तर तिच्या वेळेत तिथे कुठल्यातरी कंपनीतले पोटवाले साहेब बॉलच्या मागे पळतायत. ही तडक हर्षदच्या घरी.

"हर्षद, माझी वेळ कुणाला दिलीस?"

"ताई, बस ना. चहा घे. बघ, तुझं उद्दिष्ट पूर्ण झालं. हिरवं झालं. आता कॉर्पोरेट लीगचा टिपका लाल आहे, तर ग्राउंड तिकडे वळवावं लागणार ना? हिरव्याला ग्राउंड देऊन काय उपयोग?"

"अरे, रविवारी फायनल आहे."

"हो ना. पोचलात की तुम्ही."

तिने चहा घेतला नाही. खाली उतरताना मी होतो सोबत. इतकी वर्षं त्या ग्राउंडवर खडी वेचली ह्या बाईने, आणि हा तिला सांगतो की तू यशस्वी झालीस, आता बाहेर हो. मी म्हटलं, शुभा, कमिटीकडे जाऊ, लेखी देऊ. ती म्हणाली, "दादा, कमिटीत कोण आहे? तोच." खरं होतं.

पोरींनी आठवडाभर कुठे प्रॅक्टिस केली सांगू? सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्या वाचवत. वॉचमन गोलपोस्टसारखा उभा. रविवारी फायनल खेळल्या आणि हरल्या. दोन-शून्य. चांगल्या खेळल्या, पण पार्किंगची सवय लागली होती, बॉल जरा जोरात मारायला पाय धजेना.

मला वाटलं, आता तरी हा हर्षद शरमेल. कसला शरमतोय. "दादा, फायनल जिंकणे हे उद्दिष्ट नव्हतंच ना. पोचणे होतं. टिपका हिरवाच राहतो. आपण ट्रॅकवर आहोत." हे तो मला सांगत होता, पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज, क्लबच्या लोगोचे. बोललो असतो तर प्रेशर वाढलं असतं, त्याचं.

शुभाने मात्र शांतपणे विचारलं, "मग आमची वेळ आम्हाला परत कधी मिळणार?"

तो म्हणाला, "तुमचा टिपका लाल झाला की कमिटी पुन्हा विचार करेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे शुभाने सगळ्या पोरींना त्याच पार्किंगमध्ये जमवलं. गंधालीचं नाक अजून सुजलेलं. तिने विचारलं, "मॅडम, आता पुढच्या वर्षी जिंकायचं ना?"

शुभाने गाडीखाली गेलेला बॉल पायाने ओढून घेतला. मग म्हणाली, "नाही गं. पुढच्या वर्षी पहिल्याच राउंडला हरायचं. त्याशिवाय प्रॅक्टिसला ग्राउंड मिळत नाही."