गोल करवतीच्या तुटलेल्या दाताबाबत

मी, वय ५३ वर्षे, धंदा करवतीच्या पात्यांना धार लावणे, राहणार लाकूड कापण्याच्या गिरणीमागील दुसरी खोली. गिरणीत मला धारवाले म्हणतात. कोणी न बोलावता, स्वतः पोलीस ठाण्यात येऊन साहेबांना सांगतो ते असे.

गोल करवतीवर माझा सख्खा धाकटा भाऊ काम करतो. मंगळवारी सकाळी सव्वादहाला ओली फळी कापताना पात्याचा एक दात तुटला आणि चष्म्याची काच फोडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा गेला. लाकडात खिळा होता, तो न बघताच फळी लावली, असे मालकांचे म्हणणे. त्यावरून भावाला कामावरून काढणार आहेत. भावानेही तसाच जबाब दिल्याचे कळले. ते खरे नाही.

या पात्याचे दात कार्बाईडचे असतात. म्हणजे अतिशय कडक बारीक दाणे आणि ते धरून ठेवणारा कोबाल्ट नावाचा धातू. ओल्या लाकडाचा आंबट रसही हा कोबाल्ट हळूहळू खातो. म्हणून पाते सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे, घासायचे, लगेच पुसायचे. हे मीच एकवीस वर्षे सगळ्यांच्या डोक्यात भरवत आलो.

शनिवारी त्या पात्यावर राळ फार होती, सोड्याला दाद देईना. मी फरशी धुण्याचे ऍसिड पाण्यात घातले, पाते त्यात ठेवले आणि घरी गेलो. रविवारी सुट्टी. सोमवारी काढले तर पोलाद काळवंडलेले. ते घासून लख्ख केले. माझी पाती आरशासारखी असतात असा माझा लौकिक आहे. लौकिक कसला, हौस. कोबाल्ट गेला की दात आतून भुसभुशीत होतो, वरून काही दिसत नाही. हे मला माहीत होते. एक दात फोडून बघायला पाच मिनिटे लागली असती. नाही बघितला. पाते भावाच्या हातात दिले. "दादा, यात बघून भांग पाडावा," असे तो म्हणाला. मी खूश झालो.

साहेबांनी विचारले, खिळा नव्हता कशावरून? ती फळी मी नंतर पूर्ण चिरून बघितली. स्वच्छ निघाली. पात्याचे उरलेले दात पक्कडीत धरले, तर बिस्किटासारखे मोडले. फळी आणि पाते सोबत आणले आहे.

साहेबांनी विचारले, मग तीन दिवस गप्प का बसलात? घाबरलो. दुसरे कारण नाही.

काल दवाखान्यात डॉक्टरांनी भावाला विचारले, पातेच खराब नव्हते ना? तो म्हणाला, "छे हो! दादानं धार लावलेलं पातं तुटत नसतं. खिळाच असणार." मी खाटेच्या पायथ्याशी फळांची पिशवी धरून उभा होतो. तो मला पाठीशी घालत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं.

हा मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेवढाच आहे, कमीजास्त नाही. भावाला मात्र तो कोणी वाचून दाखवू नये. इथून निघालो की मी त्याच्याकडेच जाणार आहे.